पाखरांचा चोपदार

परत आल्यावर गाडी धुवायला नेली, तेव्हा तिथल्या पोरानं टपाकडं बघितलं आणि विचारलं, "ताई, उकिरड्यावर लावली होती का?" उकिरड्यावर नव्हती, बाभळीखाली होती. त्या बाभळींवर काही हजार भोरड्या, म्हणजे थव्यानं हिंडणारी सारिकांच्या कुळातली पाखरं, रात्री मुक्कामाला होत्या आणि पहाटे उठताना त्यांनी आमच्या गाडीवर काय ते हलकं करून घेतलं. पण ती गोष्ट तिसऱ्या दिवसाची.

या वेळची टूम माझ्या भाच्याची, ओंकारची. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्यानं पडद्यावर ठिपक्यांचा थवा उडवला होता. मूळ कल्पना क्रेग रेनल्ड्स नावाच्या अमेरिकन माणसाची, १९८६ सालची. प्रत्येक ठिपक्याला नियम तीनच: शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी जातोय त्या दिशेनं जा, आणि शेजाऱ्यांपासून फार लांब राहू नकोस. एवढ्यावर ठिपके खरोखर पाखरांसारखे उडतात. मी म्हटलं, "खरी पाखरं बघितली आहेस का कधी?" तर नाही. मग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो, मी आणि माझा नवरा असे तिघं भिगवणला निघालो.

दिवस पहिला : तुटलेला फड

सकाळी सातला निघून, पाटसच्या पुढं मिसळ खाऊन, अकराच्या आत भिगवणजवळच्या कुंभारगावात पोचलो. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

उजनीचं धरण भीमेवर १९८० साली पूर्ण झालं. ११७ टीएमसीचं हे पाणी पसरत मागं पार इथवर येतं. या पाण्यानं गावं गिळली, आणि मग कडेच्या दलदलीवर पक्षी उतरू लागले. कुंभारगावच्या लोकांनी होड्या आणि घरगुती राहण्या-जेवणाची सोय यांवर चांगला जोडधंदा उभा केला आहे. आम्ही उतरलो त्या घरी जेवायला चिलापी होती: तळलेली आणि रश्श्यातली. सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. नवरा एरवी माशांच्या काट्यांना घाबरतो, इथं तीन तुकडे खाऊन गप्प बसला.

भोरड्यांची जागा मला एका ओळखीच्या फोटोग्राफरनं सांगितली होती: अमुक ओढ्याच्या वर, अमुक उसाचा फड, संध्याकाळी सव्वासहा. आम्ही साडेपाचलाच हजर. तिथं फड नव्हताच. पाचटाचा ढीग, दोन बैलगाड्या आणि चूल पेटवत बसलेलं ऊसतोडीचं एक कुटुंब. त्यातल्या बाई म्हणाल्या, "पाखरं? काल रातच्यापर्यंत व्हती की. आज फड तुटला, आता कुठली येत्यात." बीड जिल्ह्यातून आल्या होत्या. पाच महिने असेच फडामागून फड फिरतात. "आमचं बी तसंच," असं म्हणून त्यांनी आम्हाला कोरा चहा दिला.

सूर्य बुडायच्या सुमाराला डोक्यावरून दहा-बारा टोळ्या गेल्या खऱ्या. एकेका टोळीत शंभर-दोनशे पाखरं, सरळ रेषेत, घाईत, पूर्वेकडं. एकही गिरकी नाही. ओंकारनं मोबाइल खिशात घातला. "माझे ठिपके बरे, बोलावलं की येतात," म्हणाला.

*जाणाऱ्यांसाठी:* भोरड्यांची झोपायची जागा ठरलेली नसते. ऊस तुटला, कुणी फटाके लावले की बदलते. इंटरनेटवर वाचलेल्या जागेवर विसंबू नका. आधल्या संध्याकाळी गावातल्या माणसाला विचारा आणि डोक्यावरून टोळ्या कुठं जातात ती दिशा धरा. आम्हाला दुसऱ्या दिवशी त्याच दिशेनं जागा सापडली.

दिवस दुसरा, सकाळ : पाण्यावर

पहाटे सहाला होडी. थंडी अशी की कानटोपीवरून मफलर. होडी वल्हवणारे नाना भोई समाजाचे. त्यांच्या आजोबांच्या वेळी नदीवर मासेमारी होती, आता धरणावर आहे. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यातून आधी आवाज आले, कुणीतरी जुनी सायकल ढकलत नेतंय असे. "पट्टे हंस," नाना म्हणाले. पुस्तकात पट्टकादंब. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, अंग राखाडी. हे पक्षी मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्यावर बसवलेल्या यंत्रांवरून कळलं की ते एकदम उंच चढून सरळ जात नाहीत. डोंगराच्या चढउतारांच्या अंगानं वर-खाली होत जातात, कारण विरळ हवेत उंचीवर टिकून राहणं फार महाग पडतं.

आमच्यासमोर चाळीसएक उठले आणि दोन मिनिटांत बाणाच्या फाळासारखी रांग झाली. ओंकारनं विचारलं, पुढचा तो लीडर ना? मलाही तसंच वाटायचं. पण पुढं असणं हा मान नाही, मेहनत आहे. पंखाच्या टोकामागं हवा वर उसळते, तिच्यावर मागच्याला थोडा आधार मिळतो. पुढच्याला काहीच मिळत नाही. युरोपात माणसांनी वाढवलेल्या टकल्या शराटी नावाच्या पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रं बांधून हे मोजलं गेलं, तेव्हा दिसलं की त्या पुढची जागा आळीपाळीनं घेतात. नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "वल्ह्याचं बी तसंच असतंय. एकट्यानं मारलं तर खांदा जातो."

थोडं पुढं उथळ पाण्यात वारकरी होते. म्हणजे काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेली ती बदकासारखी पाखरं. नाव कुणी ठेवलं त्याला दाद द्यावी. शेदोनशे असतील, सैल पसरलेली, आपापलं खात. वरून एक दलदल भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, संथ तरंगत आला आणि ती सगळी पाखरं एकमेकांकडं सरकून काळ्या घोंगडीसारखी घट्ट झाली. भोवत्या खाली झुकला की पाण्याचा शिडकावा उडे. एकटं पडलेलं पाखरू त्याला हवं होतं, ते मिळेना. दोन फेऱ्या मारून गेला. घोंगडी पुन्हा उसवली.

आणि पाणकावळे! हा देखावा मी कधी वाचलाही नव्हता. शंभरेक पाणकावळ्यांची आडवी फळी पुढं सरकत होती. पुढचे बुडी मारत, तेवढ्यात मागचे उडून त्यांच्या पुढं येऊन पडत, मग ते बुडी मारत. सगळी फळी लोळत गेल्यासारखी. कडेला दबा धरून बगळे, पुढून पळणारे मासे टिपायला. नाना म्हणाले, "हे रांगेनं निघालं की समजायचं, खाली बारीक मासळीचा थर हाय. आमी जाळं त्यांच्या फुडं टाकतो." म्हणजे पाणकावळ्यांचा एकमेकांशी जो काही अबोल व्यवहार चालतो, त्यात भोई मंडळीही आहेत.

रोहितही, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले, पण लांबून. दुसऱ्या एका होडीतल्या मंडळींनी फोटोसाठी त्यांना उडवायला लावलं आणि मला राग आला. उथळ पाण्यात दिवसभर माना खाली घालून चाळणी चालवायची, तेव्हा कुठं पोट भरतं त्यांचं; उगाच का उठवायचं?

*जाणाऱ्यांसाठी:* नोव्हेंबर ते मार्च. सूर्योदयाच्या आधी होडीत बसा, नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही चढतात. लाइफ जॅकेट मागून घ्या. होडीवाल्याला आधीच सांगा की पक्षी उडवायचे नाहीत. बहुतेकांना ते आवडतं, आग्रह आपल्याकडूनच होतो. रेल्वेनं यायचं तर पुणे-सोलापूर मार्गावर भिगवण स्टेशन आहे.

दिवस दुसरा, दुपार : गोफण

दुपारी पूर्वेच्या शिवारात चौकशी करत फिरलो. शाळू दाण्यात आलेला. एका रानात चार खांबांवर माळा बांधलेला आणि वर सत्तरीचे एक आजोबा, धोतर, बंडी, हातात गोफण. परवानगी विचारली तर म्हणाले, "रानात या, पन कणसं मोडू नका. तेवढं काम करायला भोरड्या हायेत." सगळे त्यांना तात्या म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो.

पाच मिनिटांत टोळी आली. अंग फिकट गुलाबी, डोकं आणि पंख काळे, डोक्यावर तुरा. बरीचशी मात्र मळकट भुरी, गेल्या उन्हाळ्यातली पिल्लं. कणसावर बसतात तसं कणीस वाकतं. तात्यांनी गोफण गरगरा फिरवली, गुंडा सुटला, नुसत्या फटकाऱ्याचाच आवाज केवढा! टोळी उठली, एका अंगाला लवंडली आणि शेजारच्या रानात पडली. तिथून पत्र्याचा डबा वाजला. टोळी पुन्हा आमच्याकडं. दिवसभर हे असंच, सूर्य उगवल्यापासून.

ओंकारनं गोफण मागितली. पहिला गुंडा मागं गेला, दुसरा त्याच्याच पोटरीवर बसला. तात्या हसून खोकायला लागले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तिथंच लिहून घेतलं: "मधी मारून उपेग न्हाई, पोरा. मधलीला ठावंच नसतं कुठं चाललीय. कड बघायची. कडंचं चार वळलं की समदी वळत्यात."

आणि थोडं थांबून: "मी माउलींच्या वारीला जातो. तळावर पालखी आली की चोपदार दंड वर करतो आन् लाखभर मानूस टाळ थांबवून चिडीचूप हुतं. आता ह्यांचा चोपदार कोन, ते मी पन्नास वरसं ह्या माळ्यावरनं बघतोय. गावला न्हाई."

खालच्या अंगाला काकींनी आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेली गुळभेंडीची कणसं, तळहातावर चोळून फुंकर मारलेला गरम हिरवा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. हात काळे झाले, कुणाला पर्वा नव्हती. मी बोलता बोलता सांगितलं की ही पाखरं उन्हाळ्यात मध्य आशियात अंडी घालतात आणि तिथं टोळ खातात, म्हणून चीनमधल्या शिंच्यांग प्रांतात त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरटी करून देतात. काकींनी कणीस चोळायचं थांबवलं. "तिकडं दगडानं घरं बांधत्यात व्हय? मग तिकडंच ठेवा की म्हनावं." तात्या मात्र न्यायानं बोलले. नाकतोडे, अळ्या हीही खातात, हे त्यांनी स्वतः कबूल केलं. "पन ज्वारी दाण्यात आली की ईमान इसरत्यात."

पैसे घेईनात. शेवटी नवऱ्यानं हुरड्याच्या दोन पिशव्या विकत मागितल्या, तेव्हा हिशेब मिटला.

दिवस दुसरा, संध्याकाळ

तात्यांनी दाखवलेली जागा: पाण्याच्या कडेला बाभूळबन, अलीकडं उघडा माळ. सहा वाजता आकाश रिकामं. सहा दहाला एक टोळी, मग दुसरी, मग चारी बाजूंनी. येणारी टोळी आधीच्या घोळक्याला लागली की शिवण दिसत नव्हती, पाण्यात पाणी ओतावं तशी मिसळत होती. सव्वासहाच्या पुढं किती होत्या हे मला सांगता येणार नाही. मोजायला लागले आणि सोडून दिलं.

मग ते सुरू झालं. आधी परडीसारखा गोल, मग मधून चिमटल्यासारखा, मग एक शेपूट निघाली आणि ती मूळ घोळक्याला गाठायला धावली. थवा आमच्या दिशेनं वळला की विरळ राखाडी, कड फिरली की एकदम काळा. डोक्यावरून गेला तेव्हा मोठं धोतर झटकल्यासारखा आवाज झाला आणि गार वारा लागला. चिवचिवाट नाही, नुसते पंख.

नवरा म्हणाला, "हे काहीतरी अंतर्ज्ञान असणार." हसू नका, एडमंड सेलूस नावाच्या इंग्रज पक्षिनिरीक्षकानं १९३१ साली गंभीरपणे तेच मांडलं होतं, की हे पक्षी एकमेकांचे विचार थेट ओळखतात. दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच. उत्तर यायला कॅमेरे लागले. रोमच्या मध्यवर्ती रेल्वे स्टेशनाजवळच्या एका राजवाड्याच्या गच्चीवर इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी हिवाळाभर कॅमेरे लावले आणि भोरड्यांच्याच कुळातल्या तिथल्या सारिकांच्या थव्यातला एकेक पक्षी तिन्ही मितींमध्ये मांडला. २००८ साली त्यांनी सांगितलं की प्रत्येक पक्षी सगळ्या थव्याकडं बघत नाही. जवळच्या सहा-सात जणांकडं बघतो, बस्स. यातली गंमत अशी की ते सहा-सात हातभर अंतरावर असोत की चार हातांवर, संख्या तीच राहते. म्हणून थवा ताणला तरी फाटत नाही. या कामात असलेल्या जॉर्जो पारिझी यांना पुढं २०२१ साली नोबेल मिळालं, ते मात्र पाखरांसाठी नव्हे, अशाच गुंतागुंतीच्या, विस्कळीत रचनांच्या गणितासाठी.

ओंकारच्या ठिपक्यांना शेजारी ठरवायला एक वर्तुळ आखून दिलेलं होतं: इतक्या अंतरातले ते शेजारी. तो माळावरच पुटपुटला, "म्हणून माझा थवा फुटायचा."

आणि तात्यांची कड? त्याच मंडळींनी नंतर वळणाची सुरुवात कुठून होते ते शोधलं. थव्याच्या लांबट टोकांपाशी, कडेला असलेल्या काही मोजक्या पक्ष्यांपासून. तिथून ती वळणाची खबर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडं अशी धावते की चारशेचा थवा अर्ध्या सेकंदाच्या आसपास वळून मोकळा. तिथं कॅमेरे होते, इथं माळा आणि गोफण.

सहा पंचविसाला ससाणा आला. मला आधी दिसलाच नाही, थव्यावरून कळलं. सगळा पसारा एकदम मुठीएवढा झाला आणि त्यातून काळ्या पट्ट्या पळू लागल्या, कडेकडून पलीकडं, एकामागून एक. पक्षी घाबरून क्षणभर अंग तिरपं करतो, पंखांची रुंदी दिसते, त्याचं बघून शेजारी करतो; काळी पट्टी म्हणजे तेवढंच, पाखरं आहेत तिथंच असतात. बहिरी ससाणा होता. वरून दगडासारखा आला, थव्यात भोक पडलं, भोक बुजलं, तो रिकामा बाहेर. दुसऱ्या झेपेत काय झालं ते दिसलं नाही, अंधारलं होतं. मग कुणी पालथ्या केलेल्या सुपातली ज्वारी सांडावी तसा थवा बाभळींत ओतला गेला. आणि तेव्हा कुठं कलकलाट! अर्धा तास कुणी थांबेना.

दिवस तिसरा : गाडी आणि टाकी

पहाटे उठून अंधारातच पुन्हा तिथं गेलो आणि शहाणपणा करून गाडी बाभळींखाली लावली, आडोसा म्हणून. भोरड्या उतरतात अर्ध्या तासात, उठतात मात्र लाटांनी: एकदम हजारएक, मग शांतता, मग पुढची लाट. गिरक्या नाहीत, कामाला निघालेली माणसं. प्रत्येक लाटेबरोबर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज आला. बाकी वर सांगितलंच आहे.

परतीला एका गावाबाहेर पाण्याच्या उंच टाकीखाली चहाला थांबलो. टाकीच्या तळाशी आग्या मोहोळाची चार पोळी लोंबत होती. ओंकारच ओरडला, "मावशी, पोळं हललं!" खरंच, पोळ्यावर एका जागी चमक उठली आणि पाण्यात खडा पडल्यासारखी गोल पसरली. पुन्हा. पुन्हा. समोर एक गांधीलमाशी घिरट्या घालत होती. ती जवळ आली की लाट, मागं सरली की शांत. पोळ्यावर बसलेल्या माश्या क्षणभर पोट वर उचलतात, शेजारणी तसंच करतात. नेपाळमध्ये याचं बारकाईनं चित्रीकरण झालं आहे आणि गांधीलमाश्या या लाटेला बिचकून लांब राहतात असं दिसलं आहे. चहावाल्याला याचं काही नवल नव्हतं. "ती लाट मारतीय तवर काळजी न्हाई," तो म्हणाला. "लाट थांबून आवाज बदलला की कप टाकून पळायचं."

*जाणाऱ्यांसाठी:* आग्याच्या पोळ्याखाली धूर, दगड, अत्तर काही नको. दुर्बिणीतून लांबून बघा. आणि गाडी कशाखाली लावता ते वर बघून लावा.

घरी आल्यावर ओंकारनं संध्याकाळच्या थव्याचा व्हिडिओ तात्यांच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवला. चार मिनिटांचा, चांगला आलाय. रात्री उलट निरोप आला, तात्यांच्याच आवाजात, मागं काकी कुणाला तरी जेवायला हाका मारत होत्या: "पाखरं लई झ्याक दिसत्यात. खाली डाव्या अंगाला आमचं रान हाय, तेवढं दाखवायचं ऱ्हायलं बघा."